दमाची गोष्ट

मराठीत 'दम' हा शब्द किती कामं करतो, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. पोलीस गुंडाला दम देतो आणि माझी अम्मी बिर्याणीला दम द्यायची. घाई करणाऱ्याला आपण म्हणतो, 'जरा दम धर.' जिना चढून आलेला पाहुणा म्हणतो, 'थांबा, दम खाऊ द्या.' गवयाला दमसास लागतो, पोराला बेदम मार मिळतो, आणि छातीत कायमची घरघर बसली की तिलाही आपण दमा म्हणतो.

हा दम फारसीतून आलेला पाहुणा. त्याचा मूळ अर्थ श्वास. पण मराठीच्या घरात आणखी एक दम आधीपासून राहत होता. तो संस्कृतातला. शम-दम या जोडीतला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत तो आहे. त्याचा अर्थ आवरणं, ताब्यात ठेवणं. दमन हा शब्द त्याचाच. या दोन दमांचं रक्ताचं नातं काही नाही. फारसी दमाचं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'धम्', फुंकणं. धमनी हा शब्द त्यातूनच आला. पण मराठीत येऊन दोन्ही दम एकाच उच्चाराचे झाले, आणि कोण कुठला हे आपण विसरून गेलो.

मित्रहो, मला वाटतं, माणूस आपल्या शरीराशी कसा वागला याचा सगळा इतिहास या दोन दमांच्या मध्ये आहे. एक म्हणतो, शरीराला दाब. दुसरा म्हणतो, शरीराचा श्वास ऐक. आज या दुसऱ्या दमाविषयी बोलायचं आहे. त्याला कारण घरचंच आहे.

माझे अब्बा पिंजारी होते. मराठवाड्याच्या गावागावांतून खांद्यावर पिंजण टाकून ते हिंडायचे. लोकांच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. तातीचा 'ढुंग ढुंग' आवाज आणि हवेत उडणारा पांढरा भुगा, हे माझं लहानपण. तो भुगा अब्बांच्या भुवयांवर बसायचा, दाढीत बसायचा. छातीत किती बसत होता, ते कुणाला दिसत नव्हतं. पन्नाशी गाठायच्या आत त्यांना दमा जडला. ते आपल्या शरीराला 'गधा' म्हणत. "ये गधे को जितना हाको, उत्ता चलता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनी श्वासाचा पंप लिहून दिला तेव्हा तो त्यांनी ट्रंकेत ठेवून दिला. पंप लागला की माणूस संपला, अशी त्यांची समजूत. नमाज बसून पढायची आजाऱ्याला मुभा आहे, हे मशिदीच्या इमामसाहेबांनी त्यांना दोनदा सांगितलं. अब्बांनी ऐकलं नाही. शरीराचे लाड करायचे नाहीत, म्हणजे नाहीत. १९९४ च्या हिवाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत त्यांचं आपल्या शरीराशी भांडण मिटलं नाही.

पुढे चाळिशीत मलाही दम्याने गाठलं. तेव्हा मी पहिल्यांदा दमाच्या इतिहासात शिरलो. आणि पहिलीच भेट झाली ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुणाशी, ज्याने अब्बांसारखंच स्वतःच्या शरीराशी युद्ध पुकारलं होतं.

पाली वाङ्मयात 'महासच्चक सुत्त' आहे. बोधी मिळण्याआधी आपण काय काय केलं, ते बुद्ध तिथे स्वतः सांगतात. त्यांनी दात दातांवर घट्ट दाबून, जीभ टाळूला लावून मनाला चिरडायचा प्रयत्न केला. काखेतून घाम वाहू लागला. मग त्यांनी श्वासच बंद केला. तोंडाचा आणि नाकाचा श्वास रोखला, तेव्हा कानांतून वारा लोहाराच्या भात्यासारखा आवाज करू लागला. तेही रोखलं, तेव्हा डोकं तलवारीच्या टोकाने कोरल्यासारखं दुखू लागलं, पोट सुरीने कापल्यासारखं झालं, अंगाची निखाऱ्यावर धरल्यासारखी आग झाली. मग अन्न तोडलं. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे, अशी दशा झाली. एवढं करून हाती काही आलं नाही.

तेव्हा त्यांना एक साधी आठवण झाली. लहानपणी, वडील कामात असताना, आपण जांभळीच्या थंडगार सावलीत बसलो होतो आणि मन आपोआप निवांत झालं होतं. त्या सुखाला आपण का भ्यावं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उपाशी, खंगलेल्या शरीराने ती वाट चालता येणार नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी अन्न घेतलं. बरोबरचे पाच तपस्वी, 'हा सुखलोलुप झाला' म्हणून सोडून गेले. अंगाला त्रास देणं म्हणजेच पुण्य, असा तो जमाना होता. तो अजून पुरता संपला आहे, असं मला वाटत नाही.

पण दमाच्या इतिहासातली मला सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट याच्या पुढची आहे. ती वैशालीला घडली. 'संयुत्त निकाया'त आणि भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, ती नोंदवलेली आहे. बुद्धांनी भिक्षूंना शरीराच्या अशुभाचं चिंतन शिकवलं होतं. हे शरीर म्हणजे हाडं, मांस, रक्त, पू, यात मोह ठेवण्यासारखं काय आहे, असं ते चिंतन. ते शिकवून बुद्ध पंधरा दिवस एकांतात गेले. अन्न घेऊन येणाऱ्या एकाखेरीज कुणी यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मागे राहिलेल्या भिक्षूंनी ते चिंतन मनापासून केलं, आणि त्यांना स्वतःच्या शरीराची किळस आली. इतकी, की कित्येकांनी स्वतःचा जीव दिला, कित्येकांनी दुसऱ्याच्या हातून मरण मागून घेतलं. पंधरा दिवसांनी बुद्ध बाहेर आले आणि त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षुसंघ असा विरळ का दिसतो आहे?

आनंदाने घडलं ते सांगितलं आणि विनंती केली, की भन्ते, दुसरी एखादी रीत शिकवा. बुद्धांनी उरलेल्या सर्व भिक्षूंना बोलावलं आणि त्यांना जे शिकवलं ते होतं आनापानसती. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा, आणि सती म्हणजे स्मृती, जाग. श्वास लांब आला तर लांब आला हे जाणायचं, आखूड आला तर आखूड आला हे जाणायचं. त्याला रोखायचं नाही. सगळ्या शरीराचं भान ठेवत श्वास घ्यायचा, शरीर निवळत नेत श्वास सोडायचा. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडणारी धूळ अवकाळी आलेला मोठा पाऊस जशी खाली बसवतो, तसं हे काम करतं, असा दृष्टांत त्यांनी दिला.

एका पिंजाऱ्याच्या मुलाने हा दृष्टांत वाचला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते मी सांगत नाही. पण इतिहास म्हणून एक गोष्ट लक्षात घ्या. या नोंदीत श्वासाची साधना चमत्कार म्हणून आलेली नाही, सिद्धी म्हणूनही नाही. शरीराचा द्वेष माणसाला कुठवर नेतो हे पाहिल्यावर, त्यावरचा उतारा म्हणून ती आली आहे.

आता वैशालीहून आपण आपल्या मराठवाड्यात येऊ. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंच्या त्या अंधाऱ्या खोल्यांत उभं राहिलं की आपला आपल्याला श्वास ऐकू येतो. डोंगर उतरून खाली शहरात आलं की पाणचक्की लागते. तिथे बाबा शाह मुसाफिर यांची कबर आहे. ते बुखाऱ्याकडून दख्खनेत आलेले, नक्शबंदी परंपरेचे सूफी. लांबच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी तिथे उंचावरून पडायचं आणि चक्की फिरवायचं. फकिरांचं आणि वाटसरूंचं पीठ त्यावर दळलं जायचं.

या नक्शबंदी परंपरेचे काही नियम आहेत. ते बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक यांच्या नावावर सांगितले जातात. त्यातला पहिलाच नियम आहे 'होश दर दम', म्हणजे दमात होश. एकही श्वास बेसावध जाऊ द्यायचा नाही. चिश्ती सूफींकडे यालाच जवळचा शब्द आहे, 'पास-ए-अन्फास', म्हणजे श्वासांची राखण. वैशालीच्या भिक्षूंनी आणि बुखाऱ्याच्या ख्वाजांनी एकमेकांचं काही वाचलं होतं, असा माझा दावा नाही. भिक्षू श्वासाकडे पाहतो आणि सूफी त्या श्वासात अल्लाहचं स्मरण ठेवतो, हा फरकही मोठा आहे. पण दोघांनीही आधाराला धरली ती श्वासाचीच दोरी.

अरबीतही मराठीसारखीच एक गंमत आहे. 'नफ्स' म्हणजे जीव, अहंकार, वासना. 'नफस' म्हणजे श्वास. दोन्हींची मूळ अक्षरं एकच. नफ्सशी लढा, त्याला वेसण घाला, असं सूफी वाङ्मयात पानोपानी सापडतं. अब्बांचा 'गधा' तिथूनच आला असावा. बाबा फरीद यांनी विहिरीत उलटं टांगून घेऊन चाळीस रात्री साधना केली, अशी आख्यायिका चिश्ती लोक सांगतात. म्हणजे दाबण्याचा दम आमच्याकडेही काही कमी नव्हता. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ज्यांच्या ओळीत मी अगदी शेवटी कुठेतरी उभा आहे, त्यांच्या ग्रंथाचं नावच 'योगसंग्राम' आहे.

पण त्याच आमच्या घरात दुसरा आवाजही पहिल्यापासून होता. अब्दुल्लाह इब्न अम्र नावाचे एक तरुण सहाबी दिवसा सतत रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. हे कळल्यावर पैगंबरसाहेबांनी त्यांना थांबवलं. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा आहे, तुझ्या बायकोचा आहे, या अर्थाचं त्यांनी समजावलं. 'हक्क' हा शब्द पाहा. आपण शरीराकडे गुलाम म्हणून पाहतो. इथे ते देणेकऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या सावकारासारखं आपलं येणं मागतं आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायातही, शरीरातल्या भूतांना कष्टवणारे आणि आत वसणाऱ्या मला कष्टवणारे ते आसुरी, असं भगवंत म्हणतात. सहाव्या अध्यायात तर फार खाणाऱ्याला आणि अगदीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारला आहे. अब्बांना हे दोन्ही दाखले कुणी वेळेवर सांगितले असते तर, असं मला अनेकदा वाटतं.

श्वासाच्या विद्येने धर्मांच्या भिंती कशा ओलांडल्या, याचीही एक देखणी गोष्ट आहे. 'अमृतकुंड' नावाचा योगावरचा एक ग्रंथ होता. तो अरबीत गेला. पुढे ग्वाल्हेरचे सूफी मुहम्मद गौस यांनी १५५० च्या सुमारास, गुजरातेत असताना, तो विस्ताराने फारसीत आणला. नाव दिलं 'बहर-उल-हयात', जीवनाचा समुद्र. १६०० ते १६०४ च्या दरम्यान अलाहाबादला शहजादा सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीरसाठी, त्याची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात योग्यांची आसनं काढलेली एकवीस चित्रं आहेत. ती प्रत आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. या गौससाहेबांच्या कबरीशेजारी ग्वाल्हेरला कोण झोपलेलं आहे? तानसेन. ज्याचा सगळा व्यवहारच दमसासाचा, तो.

इथे कुणी म्हणेल, प्राणायामात तर श्वास रोखतातच. खरं आहे. पण हठयोगाच्या ग्रंथांनीच त्याबद्दल जो इशारा दिला आहे, तो आपण वाचत नाही. स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' सांगते, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. आणि चुकीच्या प्राणायामाने काय काय होतं, याची जी यादी तिथे दिली आहे, तिच्यात उचकी आहे, खोकला आहे आणि श्वासाचा विकार, म्हणजे आपला दमाही आहे! ज्या औषधाने रोग जावा त्यानेच तो व्हावा, हे त्या माणसाला पाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

हा विषय प्रयोगशाळेत नेला तो महाराष्ट्रात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक घेऊन ते योगक्रिया मोजू लागले. नौलीत आतड्यात ऋणदाब तयार होतो हे त्यांनी मोजून दाखवलं, आणि आपल्या गुरूंच्या, माधवदासजींच्या नावाने त्याला नाव दिलं. गूढाचं धुकं बाजूला करून शरीराला विचारावं, की बाबा, तुला नक्की काय होतं? हीसुद्धा शरीराशी सन्मानाने वागण्याचीच एक रीत आहे.

आणि वैशालीची ती आनापानसती? भारतात ती विसरली गेली होती. ब्रह्मदेशात तिची परंपरा टिकली. तिथले एक व्यापारी, सत्यनारायण गोयंका, अर्धशिशीने हैराण झाले होते. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि ध्यानही शिकवत. नुसती डोकेदुखी बरी करायला आला असाल तर घेणार नाही, असं त्यांनी आधी बजावलं. पुढे १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, आणि नंतर आपल्या इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस दुसरं काही नसतं. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा.

यात विज्ञान काय आहे? अगदी थोडक्यात सांगतो. हृदय, आतडी, मूत्रपिंडं आपल्याला न विचारता चालतात. हात-पाय आपल्या मर्जीने चालतात. श्वास मात्र दोन्हीकडे नांदतो. झोपेत तो आपोआप चालतो, आणि जागेपणी आपण म्हटलं तर लांबतो. म्हणून मन आणि शरीर यांच्यामधला उंबरठा तोच. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना मंदावते. त्यामुळे सावकाश सोडलेला श्वास साऱ्या शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप पोचवतो.

दम्याचा झटका आला की वाटतं, हवा आत जात नाही. खरी अडचण उलटी असते. नळ्या आवळल्यामुळे आतली हवा बाहेर पडत नाही, आणि आपण घाबरून वरून आणखी कोंबत राहतो. मला हे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं. माझ्या मुलीच्या वयाची असेल. म्हणाली, "काका, ओठ शीळ घातल्यासारखे करा आणि हळू सोडा. घ्यायची काळजी करू नका, ते होईल." त्याआधी तिने मला पंप नीट कसा घ्यायचा, ते तीनदा करून दाखवलं. हे मुद्दाम सांगतो. श्वासाचा अभ्यास औषधाच्या जोडीला करायचा, औषधाऐवजी नाही. ट्रंकेत ठेवलेल्या पंपाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. आणि नुसतं डोळे मिटून श्वास पाहताना कुणाचा जीव घाबरा होत असेल, तर त्याने डोळे उघडावेत, थांबावं. शरीराचं ऐकायचं, यात हेही आलंच.

अब्बांच्या शेवटच्या हिवाळ्यातलं एक दृश्य सांगून थांबतो. रात्री त्यांना आडवं होता येत नसे. मग अम्मी त्यांच्या मागे, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. ते तिच्यावर रेलायचे. ती काही बोलायची नाही. नुसता सावकाश श्वास घ्यायची आणि सोडायची. कंदिलाच्या उजेडात त्या दोघांच्या सावल्या भिंतीवर एक होऊन हलायच्या. घटकाभराने अब्बांची धाप तिच्या श्वासाच्या चालीवर यायची, आणि तेवढा वेळ ते शरीराला गधा म्हणत नसत. अम्मीने 'होश दर दम' हे शब्द कधी ऐकले नव्हते. आनापानसती तर दूरच.

आज रात्री दिवा मालवल्यावर एक करून पाहा. पोटावर हात ठेवा आणि दहा श्वास नुसते मोजा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला सुधारायला जाऊ नका. दिवसभर आपण या शरीराला दम देतच असतो. दहा श्वासांपुरता त्याला दम घेऊ द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)